कार्बोनेट खडक आणि कमी क्षारांचं पाणी : प्रयोगशाळेत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

तेलसाठ्यात मुद्दाम बनवलेलं पाणी सोडून चुनखडीसारख्या कार्बोनेट खडकात अडकलेलं तेल बाहेर काढायचं, हा हा विषय. त्याचं नावच नवशिक्याला चकवतं. ‘लो सॅलिनिटी’, म्हणजे कमी क्षारांचं पाणी, म्हटलं की मीठ कमी केलं आणि तेल सुटलं, असं वाटतं. कार्बोनेटमध्ये मात्र मिठाच्या एकूण प्रमाणाइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सल्फेट या तीन आयनांना असतं. वाळूखडकावरचे पेपर वाचून आला असाल तर तिथलं चिकणमातीचं स्पष्टीकरण बाजूला ठेवा. चुनखडीत त्याचा फारसा उपयोग नाही.

साठ्यातल्या कॅल्शियमयुक्त खारट पाण्यात कॅल्साइटचा पृष्ठभाग सहसा धनप्रभारित असतो. कच्च्या तेलातल्या कार्बोक्सिलिक आम्लांची ऋण टोकं त्याला घट्ट चिकटतात आणि खडक तेल धरून बसतो. म्हणून आधी तेलाचा आम्लांक मोजा, म्हणजे एका ग्रॅम तेलातलं आम्ल मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं ते. तो शून्याजवळ असेल तर खडक मुळातच पाण्याकडे झुकलेला राहतो, मग वेटॅबिलिटी, म्हणजे खडकाचा तेलाकडे किंवा पाण्याकडे असलेला ओढा, बदलली असा दावा करायला जागाच उरत नाही.

सल्फेट पृष्ठभागावर बसलं की धनप्रभार उतरतो, कॅल्शियमला जवळ येता येतं आणि ते कार्बोक्सिलेटला जोडून त्याला सोडवतं. तापमान 90–100 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की मॅग्नेशियम पृष्ठभागावरच्या कॅल्शियमची जागा घेऊ लागतं. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क या चॉकच्या (खडूसारख्या चुनखडीच्या) तेलक्षेत्रात 1987 पासून समुद्राचं पाणी सोडलं जातं. साठ्याचं तापमान सुमारे 130 अंश आहे आणि पाणी सौम्य न करताही ते चांगलं चाललं. याउलट सौदी अरामकोच्या कोअर-चाचण्यांत (कोअर किंवा प्लग म्हणजे खडकातून कापलेला दंडगोल नमुना) समुद्राचं पाणी (तिथलं, सुमारे 57,600 पीपीएम) टप्प्याटप्प्याने सौम्य केलं होतं. जादा तेलाचा मोठा वाटा दोनपट आणि दहापट सौम्य पाण्यानेच दिला, शंभरपटीला जवळपास काही निघालं नाही. सौम्य करताना सल्फेटही त्याच पटीत घटतं, हे विसरू नका. म्हणून सरसकट पाणी ओतण्यापेक्षा सोडियम क्लोराइड वगळून सल्फेट राखलेलं ब्राइन (क्षारांचं द्रावण) बनवून पाहणं जास्त शिकवतं. खडकात अॅनहायड्राइट (निर्जल कॅल्शियम सल्फेट) असेल तर सौम्य पाणी ते विरघळवून सल्फेट जागेवरच तयार करतं, त्यामुळे खडकातली खनिजं दाखवणारा एक्स-रे विवर्तनाचा अहवाल हातात असल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

ब्राइन बनवताना सगळ्यात जास्त चुका वजनात होतात. बाटलीवर मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट असतं, त्याचा रेणुभार 203.3. निर्जल क्षाराचा 95.2. गल्लत झाली तर मॅग्नेशियम निम्म्याहूनही कमी पडतं आणि पुढचे दोन महिने कारण शोधण्यात जातात. सल्फेट आणि बायकार्बोनेट वेगळ्या भांड्यात विरघळवून शेवटी मिसळा, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, विरलेला वायू काढा. खोलीच्या तापमानाला पाणी स्वच्छ दिसणं पुरेसं नाही. कॅल्शियम सल्फेटची विद्राव्यता तापमान वाढलं की घटते. घट्ट बंद बाटली रात्रभर चाचणीच्या तापमानाला ओव्हनमध्ये ठेवा. तळाशी साका दिसला तर तोच साका कोअरमध्येही बसणार आणि दाब वाढलेला पाहून तुम्ही वेटॅबिलिटीचा अर्थ लावत बसाल.

कोअर टोल्युइन आणि मेथॅनॉलने धुतला म्हणजे झालं, असं नाही. या द्रावकांनी सल्फेट जात नाही. पुढे डिस्टिल्ड पाणी वाहवा, बाहेर येणाऱ्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाका आणि गढूळपणा थांबेपर्यंत धूत राहा. नाहीतर तुमच्या ‘सल्फेटविरहित’ चाचणीत सल्फेट आधीच बसलेलं असेल.

सुरुवातीची जलसंपृक्तता (पोकळीतला पाण्याचा वाटा) साधल्यावर तेलात, साठ्याच्या तापमानाला, दोन ते सहा आठवडे एजिंग, म्हणजे कोअर तसाच मुरू देणं. इथे घाई नको.

आता आकडे. दीड इंच व्यासाचा, तीन इंच लांब, 20 टक्के सच्छिद्रतेचा प्लग घ्या. पोकळी येते सुमारे 17.4 घनसेंटिमीटर. पाणी 20 टक्के धरलं तर तेल 14 च्या आत. म्हणजे एक टक्का तेल म्हणजे जेमतेम 0.14 घनसेंटिमीटर, आणि ब्युरेट वाचण्यातली चूकच 0.1 ची. दोन-तीन टक्क्यांचा ‘फायदा’ मिरवण्याआधी हे डोक्यात ठेवा. अॅमॉट सेल (पाण्यात बुडवलेल्या प्लगमधून आपोआप निघणारं तेल मोजायचं भांडं) खोलीच्या तापमानावरून 100 अंशांवर नेला की तेल फुगूनच सुमारे सहा टक्क्यांपर्यंत बाहेर येऊ शकतं. उपाय साधा आहे. त्याच तापमानाला आधी साठ्याचंच पाणी ठेवा, वक्र पूर्ण सपाट होऊ द्या, मगच पाणी बदला. त्यानंतर निघालेलं तेलच मोजायचं.

फ्लडिंगमध्ये, म्हणजे प्लगमधून पाणी दाबून वाहवताना, छिद्रांमधला दिवसाला एक फूट वेग म्हणजे या प्लगला मिनिटाला सुमारे 0.05 घनसेंटिमीटर. इतक्या मंद वेगात, तेलाकडे झुकलेल्या प्लगच्या बाहेरच्या टोकाशी केशाकर्षणाने तेल अडकून राहतं. पाणी बदलल्यावर ते सुटलं तर वेटॅबिलिटी बदलली हे खरं असू शकतं, पण साठ्यात असं टोक नसतं. म्हणून पाणी बदलण्याआधी वेग दहापट करून पाहा. जे तेल नुसत्या वेगाने निघालं, ते पाण्याच्या खात्यात धरू नका.

स्पर्शकोन, म्हणजे तेल-पाण्याची सीमा खडकाच्या पृष्ठभागाशी करते तो कोन, पाण्याच्या बाजूने मोजतात. घासलेल्या कॅल्साइटवरचा कोन पटकन मिळतो, पण पृष्ठभाग किती खडबडीत आणि किती दिवस एज झाला, यावर तो हलतो. दिशा कळते, आकडा साठ्याला लावू नये. जास्त भरवशाची आहे सल्फेट आणि थायोसायनेटची क्रोमॅटोग्राफिक चाचणी. आणखी तेल निघेनासं झालेल्या कोअरमधून दोन्ही आयन असलेलं ब्राइन सोडायचं आणि बाहेरच्या पाण्याचे नमुने घ्यायचे. थायोसायनेट न अडकता येतं, सल्फेट पाण्याने ओल्या पृष्ठभागावर रेंगाळून उशिरा येतं. दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ त्या ओल्या पृष्ठभागाच्या प्रमाणात असतं. पाणी बदलण्याआधी आणि नंतर हे क्षेत्रफळ वाढलेलं दाखवता आलं, तर तेलाच्या ब्युरेटवर एकट्याने विसंबावं लागत नाही.