पहिल्यांदा द्राक्षांचा कंटेनर पाठवताय? आधी पेट्या मोजा

जानेवारी लागला की पनवेलच्या आमच्या ऑफिसात दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडून फोन सुरू होतात. "मॅडम, माल तयार आहे, कंटेनर कधी लावायचा?" मी सीएचएकडे, म्हणजे निर्यातदारांसाठी कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटकडे, कागदपत्रं बघते. कायद्यात आता 'कस्टम्स ब्रोकर' म्हणतात, पण बंदरावर सीएचए हेच नाव चालतं. माझा उलट प्रश्नही ठरलेला असतो: आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा नंबर, काढलाय का?

तो नसेल तर आधी तो. डीजीएफटी या परदेशी व्यापाराच्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर ५०० रुपयांत घरबसल्या निघतो. नंबर तुमचा पॅनच असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तिथे जाऊन माहिती पुन्हा नोंदवायची, काही बदललेलं नसलं तरी. विसरलात तर तो बंद पडतो आणि तुम्हाला ते कळतं शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा अर्ज, अडकल्यावर. मग अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर) आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर चढवणं आणि जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र. एलयूटी आर्थिक वर्षापुरतं असतं. आपला हंगाम नेमका ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे पसरलेला, त्यामुळे मार्चचा कंटेनर जुन्या एलयूटीवर सुटतो आणि एप्रिलचा लटकतो. दोन्ही वर्षांचं काढून ठेवा.

युरोपला माल जायचा असेल तर बागेची ग्रेपनेट या अपेडाच्या प्रणालीवर नोंद हवी आणि प्रयोगशाळेचा औषध-अंशाचा अहवाल हवा. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशापायी आपले कंटेनर युरोपात नाकारले गेले होते. जुन्या बागायतदारांसमोर 'सीसीसी' म्हटलं तरी त्यांचा चेहरा उतरतो. हा भाग तुमचा आणि बागेचा, मी त्यात पडत नाही. अहवाल, अॅगमार्क (गुणवत्तेचा दाखला) आणि फायटो (मालावर कीड-रोग नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र) माझ्या टेबलावर आले की माझं काम सुरू.

इथून पुढे मात्र मी जरा किचकट होते.

रॉटरडॅमला जाणाऱ्या एका ४० फुटी रीफरचं, म्हणजे गार ठेवणाऱ्या कंटेनरचं, उदाहरण घेऊ. २० पॅलेट, पॅलेटवर १३० पेट्या, पेटीत ५०० ग्रॅमचे १० पनेट, म्हणजे छोटे डबे. म्हणजे २,६०० पेट्या, १३,००० किलो निव्वळ माल. हा आकडा इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो, शिपिंग बिल आणि शेवटी बीएल (जहाज कंपनीची मालाची पावती), सगळीकडे येतो. पाचही ठिकाणी तो एकच हवा. ऐकायला सोपं वाटतं. एकदा आम्ही सगळे कागद २,६०० वर बनवून मोकळे झालो. रात्री भरताना शेवटच्या पॅलेटचा वरचा थर दबलेला निघाला. पॅकहाउसच्या पोरांनी त्या १० पेट्या बाजूला काढल्या. बरोबरच केलं त्यांनी, सडका माल कोण पाठवेल? पण सांगितलं फक्त ड्रायव्हरला. सकाळी लोडिंग शीटचा फोटो आला तेव्हा कंटेनर बंदराजवळच्या करळ फाट्यावर उभा होता आणि त्यात होत्या २,५९० पेट्या. चूक माझीही होती, कागद फायनल करण्याआधी मी शीट मागितलीच नव्हती. फायटो परत पाठवून दुरुस्त करून घेणं, शिपिंग बिलात बदल, यात गेट कट-ऑफ, म्हणजे कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, टळली आणि जहाज गेलं. माल आठवडाभर प्लगवर. रीफरला वीज फुकट मिळत नाही, दिवसाचं भाडं चढत राहतं.

तेव्हापासून माझा नियम: मोजणारा माणूस एकच, आणि दार बंद व्हायच्या आधी त्याचा मला फोन. आकडा बदलला तर बदलू दे, पण सील मारायच्या आधी कळू दे.

दार बंद झालं की मला तीन फोटो हवेत. पहिला, दारावरचा कंटेनर नंबर. टाइप करून पाठवू नका, फोटोच पाठवा. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा असतो. तो चौकटीतला आकडा आधीच्या सगळ्यांवरून गणित करून काढलेला असतो. एखादा ३ चा ८ झाला तर गणित जमत नाही आणि चूक माझ्या टेबलावरच सापडते. दुसरा फोटो सीलचा. कारखान्यात स्वतः सील करण्याची परवानगी घेतली असेल तर आरएफआयडी ई-सील (रेडिओ लहरींनी वाचता येणारं सील) लागतं, आणि त्याच्या नंबराला शिपिंग बिलाचा नंबर जोडावा लागतो. तिसरा फोटो पॅलेटच्या लाकडावरच्या शिक्क्याचा. गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, भारताचा कोड आणि एचटी, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. द्राक्षं एक नंबर आणि लाकूड बिनशिक्क्याचं, असा माल तिकडे अडकतो.

दारावर कंटेनरचं रिकामं वजनही छापलेलं असतं. ते व्हीजीएमला, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन देताना, लागतं. माल, पेट्या, पॅलेट मिळून १५,००० किलो, कंटेनर ४,६००, एकूण १९,६००. १ जुलै २०१६ पासून हे वजन दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही, आणि ते देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे. "मागच्या वेळचंच टाका ना मॅडम" असं मला सांगू नका.

तापमान लेखी द्या. द्राक्षांना बहुतेक उणे ०.५ अंश लावतात. त्यातलं 'उणे' अक्षरात लिहा, कारण बारीक आडवी रेघ फोटोत दिसत नाही. रीफर गार ठेवतो, गरम माल गार करत नाही. प्रीकूलिंग पॅकहाउसमध्येच पूर्ण करा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दोनेक आठवड्यांनी वाढला. लांबच्या वाटेवर गरम भरलेला माल टिकत नाही. बुकिंग करताना मार्ग विचारा आणि बुरशी रोखायला पेटीत ठेवायचे सल्फरचे पॅड त्या हिशेबाने निवडा.

कस्टम्सचं म्हणाल तर लोक उगाच घाबरतात. कागद ई-संचित या कस्टम्सच्या ऑनलाइन सोयीवर चढवायचे, शिपिंग बिल भरायचं. प्रणालीने तपासणीला काढलं नाही तर लवकर सुटतं, काढलं तर अधिकारी बघतात आणि मग एलईओ मिळते, म्हणजे माल देशाबाहेर न्यायची परवानगी. टर्मिनलच्या गेटसाठी फॉर्म १३ वेगळा. त्यावर जहाजाचं नाव, कंटेनर आणि गाडीचा नंबर असतो. वाटेत गाडी बदलली तर कळवा. कसारा घाटात ट्रेलर बंद पडला, दुसरा घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) जोडला आणि आम्हाला पत्ताच नाही, असं घडलंय. ड्रायव्हर दादा गेटवर रात्री दोन वाजता फोन लावतात, "मॅडम, आत सोडत नाहीत." कसे सोडतील?

जहाज सुटलं की शेतकरी सुटकेचा श्वास सोडतात आणि फोन बंद करतात. थांबा. शिपिंग लाइन ईजीएम (जहाजावर चढलेल्या मालाची यादी) भरते, त्यातला कंटेनर नंबर शिपिंग बिलाशी जुळला नाही तर रोडटेप या सरकारी योजनेतला करांचा परतावा अडकून पडतो. आठवड्याने आइसगेटवर बघा. बीएलचा ड्राफ्ट आला की नावं, पेट्या, वजन स्वतः वाचा, माझ्यावर सोडू नका. खरेदीदाराला सगळ्याचे स्कॅन लगेच पाठवा, तिकडची नोंद तो त्यावर आधीच सुरू करतो. फायटोची मूळ प्रत मात्र कुरिअरने, जहाजाच्या आधी पोचेल अशी. एकाने ती कंटेनरमध्येच, पेट्यांवर चिकटवून पाठवली होती.