छायाचित्रण शिकणाऱ्यासाठी कॅमेऱ्याची बॅग निवडताना
छायाचित्रण शिकणाऱ्या भाचीला कॅमेऱ्याची बॅग भेट द्यायची असेल, तर तिच्याकडे कॅमेऱ्याखेरीज काय काय आहे, हे घरच्यांकडून आधी हळूच काढून घ्यावे. कारण १८-५५ मिलिमीटरची छोटी, नेहमीची लेन्स लावलेला कॅमेरा खांद्यावरच्या छोट्या बॅगेतही मावतो, पण जोडीला दूरचे टिपणारी ७०-३००ची लांब लेन्स आणि १५ इंची लॅपटॉप रोज न्यायचा असेल, तर पाठीवरची सॅकच बरी. लोकलच्या गर्दीत पाठीकडच्या बाजूने उघडणारी सॅक मला अधिक सुरक्षित वाटते.

दुकानात बॅगेत हात घालून पाहावे. वेल्क्रोचा एखादा कप्पा उचकटून दुसरीकडे लावावा आणि ओढून बघावा. तळाचा फोम अंगठ्याने दाबल्यावर खालचे टेबल हाताला लागत असेल, तर ती बॅग कितीही देखणी असली तरी घेऊ नये. कापड पाणी अडवते, मात्र चेनच्या शिवणीतून ते झिरपते, म्हणून पावसाळ्यासाठी वेगळे रेनकव्हर हवेच. ओलसर बॅगेत कॅमेरा तसाच बंद राहिला, तर लेन्सला बुरशी लागते. तेव्हा सिलिका जेलच्या चार पुड्या आत टाकाव्यात, आणि बॅग बदलून मिळावी म्हणून बिलही.