फील्डवर नवीन आहात? नाव नंतर, नोंद आधी

निसर्गात काहीतरी अचाट दिसावं म्हणून येणारे बरेचजण दोन-चार फेऱ्यांत कंटाळतात. टिकतात ते रोजच्याच गोष्टी लिहून ठेवणारे. म्हणून नवख्यांना मी कॅमेऱ्याआधी नोंदवही घ्यायला सांगते.

1938 साली दक्षिण आफ्रिकेत संग्रहालय सांभाळणाऱ्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर यांना मासेमारी बोटीवरच्या ढिगात जाड खवल्यांचा एक निळसर मासा दिसला. नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याचं चित्र काढलं, वर्णन लिहिलं आणि मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांना धाडलं. आतले अवयव टिकवता आले नाहीत, पण ओळख पटायला ते चित्र कामी आलं. तो सीलाकँथ होता, डायनोसॉरांबरोबरच संपला असं मानलेला.

अंधारात स्वतःहून चमकणारी बुरशी बघायची तर पावसाळी रात्री कुजक्या लाकडाजवळ बसा आणि टॉर्च पूर्ण बंद करा. डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात. मोबाईल एकदा उघडलात की पुन्हा पहिल्यापासून. आधी काहीच नसतं, मग सालीच्या भेगेत फिकट, राखाडीकडे झुकणारा उजेड जाणवतो. थेट बघितलं तर विरतो, नजर जराशी बाजूला ठेवली की परत दिसतो. फोटोतला तो झगझगीत हिरवा रंग लांब एक्स्पोजरची, म्हणजे कॅमेऱ्याने बराच वेळ उजेड गोळा करण्याची करामत, तेव्हा हिरमुसू नका. वहीत लिहायचं ते असं: वेळ, लाकूड कुठलं, ओल किती, उजेड बुरशीच्या छत्रीच्या टोपीला की देठाला. शेजारी मोजपट्टी ठेवून दिवसाउजेडी एक फोटो घ्या, टोपीच्या खालच्या बाजूचाही. नाव कळायला तोच लागतो.

तर्क लढवायची घाई तर नकोच. अमेरिकेत डेथ व्हॅलीतले दगड कोरड्या तळ्यावर चर उमटवत सरकतात, त्यावर कित्येक दशकं वाद झडले. संशोधकांनी दगडांना जीपीएस बसवले, हवामानयंत्र लावलं आणि वाट पाहिली. डिसेंबर 2013 मध्ये ते प्रत्यक्ष सरकताना दिसले. काही मिलिमीटर जाडीचे बर्फाचे पापुद्रे उन्हात फुटून साध्या वाऱ्याने दगडांना ढकलत होते.

दुर्मीळ काही सापडलंच, तर नेमकं ठिकाण जगजाहीर करू नका. ऑस्ट्रेलियात 1994 मध्ये सापडलेल्या वॉलेमी पाइन या दुर्मीळ झाडांची जागा आजही गुप्त ठेवतात. बुटांच्या चिखलातून मुळं कुजवणारा रोग तिथे पोचू शकतो. एका रानातून दुसऱ्यात जाताना बूट घासून, धुऊन, वाळवूनच घाला.