एटीव्हीचे सुटे भाग स्वस्तात कसे मिळवावेत? गाडीचं नाव नको, नंबर सांगा

नागाव-काशीदच्या वाळूत पळणाऱ्या किंवा एखाद्या फार्महाऊसवर शेणखत ओढणाऱ्या छोट्या एटीव्हीला, म्हणजे रुंद टायरांच्या चारचाकी बाइकला, नवं बेअरिंग लागलं, की मालक दुकानात जाऊन पहिलं वाक्य बोलतो, "बीच बाइकचा पार्ट आहे का?" इथेच भाव चढतो. दुकानदार एकतर नाही म्हणतो, नाहीतर मागवून देतो आणि मागवण्याचे वेगळे पैसे लावतो. खरं म्हणजे या गाडीत एटीव्हीचं म्हणून खास असं फार थोडं असतं. बाकीचा माल मोटरसायकल, स्कूटर आणि कारखान्यांच्या बाजारात रोज विकला जातो. फक्त तो त्याच्या मापाने मागायला हवा.

पहिली पायरी: इंजिनवरचा कोड वाचा

टाकीवरच्या स्टिकरवर जाऊ नका. चिनी बनावटीच्या एकाच गाडीवर दहा विक्रेते दहा नावं चिकटवतात. इंजिनच्या केसिंगवर, बहुधा डाव्या अंगाला खाली, कोड ठोकलेला असतो. तिथला चिखल डिझेल-ब्रशने काढा आणि फोटो घ्या. '१५२एफएमएच' दिसलं तर एक सिलिंडर, सुमारे ५२ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), हवेवर थंड होणारं, ११० सीसी वर्गातलं इंजिन. याची मूळ रचना होंडा कब या छोट्या मोटरसायकलच्या आडव्या इंजिनाची, म्हणून त्याचे भाग जगभर मिळतात. '१५७क्यूएमजे' असेल तर ते जीवाय६ जातीचं १५० सीसी स्कूटर इंजिन, म्हणजे गिअर बदलण्याऐवजी बेल्टवर चालणारं. ऑनलाइन शोधताना हाच कोड टाका.

दुसरी पायरी: भाग काढा, पुसा, आकडे टिपा

बेअरिंगच्या कडेवर नंबर असतोच. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२ मिमी, मग ते पंख्यातलं असो की एटीव्हीच्या चाकातलं. नंबर घासून गेला असेल तर व्हर्नियरने ही तीन मापं घ्या. मागताना '२आरएस' सांगायला विसरू नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील. पत्र्याच्या झाकणाचं 'झेडझेड' थोडं स्वस्त पडतं, पण खारं पाणी आणि वाळू त्यात सहज शिरते. ऑइल सीलचंही तसंच, त्यावर आत-बाहेर-जाडी अशी तीन मापं छापलेली असतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा तुमच्या गावातलं मोटर पंपांना बेअरिंग विकणारं दुकान यासाठी पुरेसं आहे. नामांकित ब्रँडच्या नावाने डुप्लिकेट माल पुष्कळ फिरतो, तेव्हा भाव संशय यावा इतका कमी असेल तर पक्कं बिल मागा. त्या मागणीवर दुकानदाराचा चेहरा कसा होतो, त्यावरून बरंच कळतं.

साखळीत ४२० आणि ४२८ या दोन्हींची पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, १२.७ मिमी असते, रुंदी मात्र वेगळी. ४२८ आपल्या बऱ्याच मोटरसायकलींना लागते म्हणून कुठेही मिळते. पण स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) ४२०चं ठेवून वर ४२८ची साखळी चढवू नका. बसेल, पण डुगडुगेल आणि दोन्ही लवकर खाऊन टाकेल. बदलायचं तर साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम.

स्पार्क प्लग हा शे-दोनशेचा मामला. चिनी 'ए७टीसी'च्या जागी एनजीकेचा 'सी७एचएसए' बसतो. आट्याची लांबी मात्र १२.७ मिमीच हवी. १९ मिमीचा लांब प्लग घातलात तर तो पिस्टनला भिडू शकतो.

जीवाय६च्या बेल्टवर '८४२-२०-३०' असं छापलेलं दिसेल: लांबी, रुंदी आणि कोन. जुना बेल्ट झिजून अरुंद झालेला असतो, म्हणून माप घेण्यापेक्षा छापील आकडा खरा माना. गिरणीचा व्ही-बेल्ट तिथे चालत नाही, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी.

तिसरी पायरी: जे विकत मिळत नाही ते करून घ्या

क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटरच्या केबल जुन्या नमुन्यावर बनवून देणारे कारागीर जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी असतात. ड्रम ब्रेकच्या शूना नवे लायनर चढवून मिळतात. सस्पेन्शनच्या आर्मचे बुश लेथवर होतात, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी तर नमुना दाखवायचा अवकाश. पुण्यात नाना पेठ, दिल्लीत करोल बाग हे दुचाकीच्या भागांचे मोठे बाजार. तिथे सकाळी गर्दी नसताना, जुना भाग हातात घेऊन जा.

डिस्कचे ब्रेक पॅड मात्र 'बसतंय ना' एवढ्यावर घेऊ नका. कागदावर जुन्या पॅडचा आकार काढा, भोकांमधलं अंतर लिहा आणि बऱ्या कंपनीचेच घ्या. वाचवायची जागा ही नव्हे. ब्रेक ऑइल डॉट ३ की डॉट ४, ते ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

सीडीआय, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, घेताना पिना मोजून भागत नाही. सहा पिनांचा एसी आणि डीसी दोन्ही प्रकारांत येतो, तेव्हा जुन्याचा फोटो आणि वायरिंग दोन्ही जुळवा.

चौथी पायरी: टायर

टायरवर १९x७-८ असं असेल तर १९ इंच उंची, ७ इंच रुंदी, ८ इंच रिम. मागचं माप बहुधा वेगळं, उदाहरणार्थ १८x९.५-८. बीकेटी ही आपली भारतीय कंपनी एटीव्हीचे टायर बनवते, तेव्हा परदेशी माल मागवण्याआधी त्यांच्या विक्रेत्याला आकडा सांगून बघा. टायर महाग आहे, म्हणून तो टिकवणंही स्वस्ताईतच धरा. यात हवा अगदी कमी असते, अनेक गाड्यांत पाच पीएसआयच्या आसपास. पेट्रोल पंपावरचा मुलगा बाइकसारखी तीस भरायला निघाला, तर हात धरा.

मोठ्या गाड्यांचं वेगळं

पोलारिससारख्या गाडीला कंपनीच्या आकृतीतून भाग क्रमांक काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. पोलारिसच्याच स्पोर्ट्समनच्या कितीतरी मॉडेलांना २५४००८६ हा एकच ऑइल फिल्टर चालतो. क्रमांक हाती आला की त्याच मापाचे इतर ब्रँडही तपासता येतात. ड्राइव्ह बेल्ट मात्र कंपनीचाच घ्यावा, असं माझं मत.

परदेशातून मागवायचं झालं तर छापील किमतीवर कस्टम ड्युटी, आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) आणि कुरिअरचा हाताळणी खर्च धरूनच हिशेब करा. अलीएक्स्प्रेसचा रस्ता २०२० च्या बंदीने बंद झाला. एकट्या गॅस्केटसाठी पार्सल परवडत नाही, म्हणून शेजारच्या चार मालकांची यादी एकत्र करा. किनाऱ्यावरच्यांनी ही यादी जूनमध्येच काढावी. पावसाळ्यात गाड्या उभ्याच असतात, पार्सल उशिरा आलं तरी बिघडत नाही आणि दिवाळीच्या गर्दीआधी सगळं बसवून होतं.