गल्लीतल्या सामायिक परड्यात वाफे कसे पाडायचे, काय कधी लावायचं

आमच्या गल्लीतल्या आठ घरांनी मिळून रिकाम्या प्लॉटवर भाजी सुरू केली. पहिल्या वर्षी मिरीग (मृग नक्षत्र, जूनची सुरुवात) निघाला तसं सगळ्यांनी सपाट जमिनीवरच मेथी-कोथमीर फेकली, जुलैत झड लागली आणि पाणी काय हललंच नाही, मेथी उपटली की मुळाची साल हातात सुटून यायची. लई वाईट वाटलं बघा.

म्हणून पावसाळ्यात गादीवाफाच करा, म्हणजे माती चढवून उंच केलेला वाफा. रुंदी 4 फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही, पाय दिला की माती दबते, मुळाला हवा मिळत नाही. उंची 8-9 इंच, मधली वाट दीड फूट. बेळगावातल्या वडगाव-शहापूरकडची काळी माती पाणी धरून ठेवते, तिथं अजून चार बोटं चढवा. तांबड्या मातीत शेणखत जास्त घाला. उन्हाळ्यात उलटं, वाफा खोलगट ठेवायचा, पाणी आत राहतंय.

आता कागद घ्या, वाफ्यांना नंबर द्या. दोडका-काकडीचा मांडव उत्तरेच्या कडेला, कारण थंडीत सूर्य दक्षिणेकडनं जातो आणि मांडवाची सावली उत्तरेला पडते, दुसऱ्या वाफ्यांवर येत नाही. रताळ्याचा वेल चारेक महिने जागा अडवतो, त्याला एक कोपराच देऊन टाका. मिरगाला भेंडी, गवार, दोडका, आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोबी, गाजर, मुळा, वाटाणा.

टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच घराण्यातली, एकामागनं एक त्याच वाफ्यात घेतली तर मर रोग (झाड सुकवून मारणारा) मातीतच मुक्काम करतो. मधी घेवडा नाहीतर गवार घ्या, त्यांच्या मुळावरच्या गाठींमुळं जमिनीला नत्र मिळतंय, मग पालेभाजी. ह्यासाठी गेल्या वर्षी कुठल्या नंबरात काय होतं ते लिहून ठेवलेलं पाहिजेच, आठ घरांत कुणाला आठवत नाही.

आणि सगळं एकदम पेरू नका. पालक महिन्यात, कोथमीर 40-45 दिवसांत निघते, दर 15 दिवसांनी वाफ्याचा एक तुकडा पेरला तर प्रत्येक घराला आठवड्याला एक जुडी मिळते. वांगी-मिरचीचं तरू (रोपांसाठी बी) मेअखेर टाका, एका कडेला, सावली करून.