बास्केटबॉलमध्ये सामन्याचे घड्याळ चुकल्यास पंचांनी काय करावे

घड्याळ सुरू व्हायला उशीर झाला, ते शिट्टीनंतरही धावत राहिले किंवा मध्येच बंद पडले, तर किती वेळ परत द्यायचा किंवा किती वजा करायचा हे पंचाने केवळ खात्रीच्या माहितीवरूनच ठरवावे. अंदाजाने लावलेला एक सेकंदही एखाद्या संघाचा सामना हिरावून घेऊ शकतो.

म्हणून कामाची सुरुवात चूक होण्याआधीच होते. प्रत्येक शिट्टीबरोबर घड्याळाकडे पाहून आकडा मनात ठेवावा आणि खेळ पुन्हा सुरू होताना घड्याळ वेळेवर निघाले का, हेही पाहावे. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार थ्रो-इनच्या वेळी, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकताना, चेंडूला मैदानातील खेळाडूचा स्पर्श झाला की घड्याळ सुरू होते. शेवटचा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक) चुकला आणि चेंडू खेळात राहिला, तरी हाच निकष लागू होतो. जंप बॉलच्या वेळी, म्हणजे पंच दोन खेळाडूंमध्ये चेंडू वर उडवतो तेव्हा, मात्र उडी मारणाऱ्या खेळाडूने चेंडू नियमानुसार टोलवल्यावर वेळ सुरू होते.

चूक लक्षात आल्यावर खेळ थांबवावा, पण कोणत्याही संघाची चालून आलेली संधी त्यामुळे हुकणार नाही, याचे भान ठेवावे. मग दोन्ही संघांना दूर ठेवून सहकारी पंच आणि टेबलावरील वेळाधिकारी यांच्याशी बोलावे. कोणी कोणता आकडा पाहिला, हे आधी विचारावे आणि स्वतःचे मत नंतर सांगावे, कारण मुख्य पंचाने आकडा उच्चारला की इतरांची आठवण नकळत त्याच्याकडे झुकते.

आता हिशेब. शिट्टीच्या क्षणी ४.६ सेकंद दिसले होते आणि घड्याळ ३.१ वर थांबले असेल, तर ४.६ लावावे. घड्याळ सुरूच झाले नसेल, तर काम अवघड होते. समजा ते ३०.४ वर अडकले, पण शॉट क्लॉक (बास्केटवर फेक करण्यासाठीची २४ सेकंदांची मुदत मोजणारे घड्याळ) स्वतंत्रपणे चालून २४ वरून १८ वर आला. म्हणजे सुमारे ६ सेकंद गेले आणि घड्याळावर २४.४ लावता येतात. दोन्ही घड्याळे एकमेकांना जोडलेली असतील, तर हा पुरावा मिळत नाही. तेव्हा पंचाची स्वतःची सेकंदांची मोजणी किंवा वेळाधिकाऱ्याचे स्टॉपवॉच कामी येते. सामन्यात चित्रफीत पाहण्याची अधिकृत सोय असेल, तर तीच वापरावी. अखेरच्या क्षणी दशांशही निर्णायक ठरतात: थ्रो-इननंतर झेल घेऊन फेक करण्यासाठी किमान ०.३ सेकंद उरलेला असावा लागतो, त्याहून कमी असल्यास चेंडू फक्त टोलवता किंवा थेट डंक करता (हाताने रिंगमध्ये खाली दाबता) येतो.

ठरलेला आकडा दोन्ही प्रशिक्षकांना कारणासह सांगावा आणि तो फलकावर प्रत्यक्ष दिसेपर्यंत चेंडू खेळाडूच्या हाती देऊ नये. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिका आणि सोव्हिएत युनियन यांच्यातील अंतिम सामन्याचे शेवटचे ३ सेकंद तीनदा खेळवावे लागले, आणि त्यांतील एका वेळी घड्याळ नीट लावून होण्याआधीच चेंडू खेळात आला होता. सोव्हिएत संघ ५१-५० असा जिंकला; अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदके आजवर स्वीकारलेली नाहीत.

खेळ सुरू झाल्यावर एका पंचाने घड्याळ निघाल्याची खात्री करावी. वेळेच्या नोंदीतील चूक मागाहून लक्षात आली, तरी मुख्य पंचाने गुणपत्रकावर सही करेपर्यंत ती दुरुस्त करण्याची मुभा फिबाचे नियम देतात.