आधी वजन, मग पाटे: परदेशातून हेवी सस्पेन्शन मागवताना

कॅम्पर व्हॅनला दणकट सस्पेन्शन घालायचं ठरलं की लोक मला पहिलं विचारतात, “कुठल्या कंपनीचं मागवू?” माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: मागच्या ॲक्सलवर वजन किती? याचं उत्तर किलोमध्ये देता येत नसेल तर ऑर्डर थांबवा. चुकीचे आलेले पाटे (लीफ स्प्रिंग) समुद्रापार परत पाठवायचा खर्च कधीकधी त्यांच्या किमतीच्या घरात जातो, म्हणून या बाबतीत मी फार आग्रही आहे.

वजन करायचं ते गाडी प्रवासाला निघते तशी भरून. पाण्याची टाकी काठोकाठ, डिझेल फुल, गॅस, भांडी, टपावरचा तंबू, माणसंसुद्धा आपापल्या सीटवर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १०० लिटरची टाकी रिकामी ठेवून काट्यावर गेलात की हिशेब तिथेच चुकला. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. जमलं तर डावी-उजवी बाजूही वेगळी मोजा. ओटा, फ्रिज आणि टाकी एकाच बाजूला असली तर गाडी त्या अंगाला झुकते, आणि दोन्हीकडे एकसारखे पाटे घालून तो झोक जात नाही. विक्रेत्याला हे आधीच सांगितलं तर तो त्या बाजूला जास्त ताकदीचा पाटा सुचवू शकतो.

हे आकडे गाडीच्या प्लेटवर छापलेल्या प्रत्येक ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून बघा. जाड पाटे घातल्याने ती मर्यादा वाढत नाही, कारण ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक सगळं जुनंच असतं. वजन वर जात असेल तर आधी सामान उतरवा.

आता विक्रेत्याशी बोलायचं. ‘दोन इंच लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी वर उचलली जाणार), हेवी ड्यूटी’ एवढ्यावर पैसे पाठवू नका. स्प्रिंग रेट मागा, म्हणजे स्प्रिंग ठरावीक अंतर दबायला किती भार लागतो तो आकडा. अमेरिकन विक्रेता तो पौंड प्रति इंचात देईल, युरोपियन न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये. १ न्यूटन प्रति मिलिमीटर म्हणजे साधारण ५.७ पौंड प्रति इंच. ऑस्ट्रेलियन कंपन्या बऱ्याचदा ‘कायम ३०० किलो’ अशा भाषेत बोलतात. ते ३०० किलो कोणत्या गाडीच्या वर धरलेत, कंपनीतून निघालेल्या रिकाम्या की फर्निचर बसवलेल्या, हे लेखी विचारून घ्या. जादा ताकदीचं घेऊन ठेवू म्हणाल तर तेही नको: फार कडक पाट्यांवर चाक खड्ड्यात उतरायच्या आधीच उसळतं, पकड सुटते आणि आतल्या कपाटांचे स्क्रू निघू लागतात.

मॉडेलच्या नावावर भागत नाही. मर्सिडीज स्प्रिंटर म्हटलं तरी ९०६ की ९०७ (गाडीच्या पिढीचा नंबर), मागे एकेरी चाकं की दुहेरी, फोर-व्हील ड्राइव्ह आहे की नाही, यावर भाग बदलतात. पूर्ण चासी नंबर पाठवा. सोबत स्वतःची मापं: पाट्याची रुंदी, सेंटर बोल्टपासून (पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) दोन्ही डोळ्यांपर्यंतचं (टोकांची गोल भोकं) अंतर, त्यात बसणाऱ्या रबरी बुशचा व्यास, पाटे ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टची जाडी. शॉक ॲब्झॉर्बरसाठी गाडी जॅकवर घ्या, चासीला स्टँड लावा, चाक पूर्ण लोंबू द्या आणि वरच्या माउंटपासून खालच्यापर्यंत टेप धरा. नंतर बंप स्टॉप (ॲक्सल पूर्ण वर आला की अडवणारा रबरी ठोकळा) टेकतो तिथलं अंतर काढा. नवा शॉक त्याहून आखूड मिटला पाहिजे, नाहीतर पहिल्याच दणक्यात तो आतून फुटतो. स्टिअरिंगची बाजूही कळवा. काही कॉइल (गुंडाळीच्या स्प्रिंग) ड्रायव्हरकडची आणि दुसरीकडची अशा वेगळ्या उंचीच्या येतात.

यू-बोल्ट, नट, सेंटर बोल्ट, बुश, शॅकल पिना (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या) त्याच पेटीत मागवा. पाटे आले आणि यू-बोल्ट आखूड निघाले म्हणजे गाडी स्टँडवरच. एकदा ताणून बसलेले यू-बोल्ट मी पुन्हा वापरत नाही.

वाहतुकीचं गणित सोपं आहे. कुरिअर लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक वेळा ५,००० ने भागतात आणि ते वजन किंवा खरं वजन, जे जास्त ते लावतात. पाटे म्हणजे निव्वळ पोलाद, खरं वजनच भरणार. म्हणून पाटे समुद्रमार्गे आणि शॉक कुरिअरने असे दोन्ही दर मागून बघा. गॅस भरलेले शॉक विमानाने पाठवायला वाहतूकदाराची हरकत नाही ना, हे विक्रेत्याकडून आधी कळू द्या. समुद्राचा दर स्वस्त दिसतो, पण बंदरावरची हाताळणी आणि क्लिअरिंग एजंटचे पैसे वेगळे असतात. दारापर्यंतचा एकच आकडा मागा. त्या दरात डीडीपी लिहिलं असेल तर आयात ड्यूटी विक्रेत्याकडे, डीएपी असेल तर ती तुमच्याकडे.

इन्व्हॉइसवर नुसतं ‘ऑटो पार्ट्स’ नको. पोलादी पाट्यांचा एचएस कोड (कस्टम्समध्ये माल ओळखायचा नंबर) ७३२०.१०, कॉइलचा ७३२०.२०, शॉकचा ८७०८.८०. ड्यूटी वाचवायला किंमत कमी लिहून घेऊ नका. वाटेत माल हरवला तर विम्यातून तेवढेच मिळतील. लाकडी पेटीवर आयएसपीएम १५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का हवा. आणि बदललेलं सस्पेन्शन तुमच्याकडच्या वाहन तपासणीत मंजूर होतं का, त्याला कोणतं प्रमाणपत्र लागतं, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.

पेटी आली की सही करण्याआधी चारही कोपऱ्यांचे फोटो. शॉकच्या चकचकीत दांड्यावर नख फिरवा. नखाला ओरखडा लागला तर तो सील कापणार, तेव्हा तक्रार त्याच दिवशी.

बसवताना रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी, भार पडलेला असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. उंची बदलली म्हणजे व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा रोख आलाच. मागच्या ॲक्सलला भार पाहून ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडाही नव्या उंचीला जुळवून घ्या.